मोठ्या टेक कंपनीचं हेडक्वार्टर मिळवण्यासाठी शहरांची स्पर्धा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही स्पर्धा म्हणजे नेमकं काय असतं?

एखाद्या मोठ्या कंपनीला नवीन ऑफिस, कारखाना किंवा आख्खं हेडक्वार्टर उभं करायचं असतं आणि ते कुठेही उभं राहू शकतं, निदान कंपनी तसं दाखवते तरी. मग शहरं आणि राज्यं पुढे येतात, आमच्याकडे या, जागा देतो, टॅक्स सोडतो, रस्ता बांधून देतो, कॉलेजात तुम्हाला हवे ते कोर्स चालू करतो, वगैरे. एरवी हे सगळं बंद दाराआड चालतं. कंपनीने नेमलेला कन्सल्टंट दोन-तीन राज्यांच्या अधिकाऱ्यांना फोन करतो, सुरुवातीला कंपनीचं नावसुद्धा सांगत नाही, प्रोजेक्टला काहीतरी टोपणनाव असतं, आणि लोकांना कळतं तेव्हा सह्या झालेल्या असतात.

बोइंगने 2001 मध्ये सिॲटल सोडायचं ठरवलं तेव्हा शिकागो, डॅलस आणि डेन्व्हर या तीन शहरांना एकमेकांसमोर उभं केलं, जिंकलं शिकागो. 21 वर्षांनी, 2022 मध्ये, बोइंगने तेच हेडक्वार्टर व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनला हलवलं. हा मुद्दा लक्षात असू द्या, कारण "एकदा आले की कायमचे आले" असं यात काही नसतं.

अ‍ॅमेझॉनच्या एचक्यू-2 ची एवढी चर्चा का झाली?

कारण त्यांनी हा खेळ उघड्या मैदानात आणला. 7 सप्टेंबर 2017 ला अ‍ॅमेझॉनने जाहीर केलं की सिॲटलच्या बरोबरीचं दुसरं हेडक्वार्टर, म्हणजेच एचक्यू-2, उत्तर अमेरिकेत कुठेतरी बांधणार, 5 अब्ज डॉलरहून जास्त गुंतवणूक, 50 हजारांपर्यंत नोकऱ्या आणि सरासरी पगार वर्षाला 1 लाख डॉलरच्या वर. प्रस्ताव पाठवायची शेवटची तारीख 19 ऑक्टोबर, म्हणजे शहरांना फक्त सहा आठवडे. तेवढ्यात अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको मिळून 238 प्रस्ताव आले.

कंपनीने मागितलं काय होतं?

ते मागणीपत्र वाचण्यासारखं आहे. दहा लाखांच्या वर लोकसंख्येचा शहरी भाग हवा, इंटरनॅशनल एअरपोर्ट साधारण 45 मिनिटांवर हवा, मोठा हायवे मैल-दोन मैलांवर हवा, ट्रेन किंवा बस थेट जागेपर्यंत यायला हवी, चांगली युनिव्हर्सिटी हवी, टेक्निकल माणसं मुबलक हवीत. पहिल्या टप्प्यात 5 लाख चौरस फूट जागा आणि पुढे 80 लाख चौरस फुटांपर्यंत वाढायची सोय.

आणि त्याच कागदात स्पष्ट लिहिलं होतं की राज्य आणि स्थानिक सरकारं सुरुवातीचा आणि नंतरचा खर्च भरून काढायला काय सवलती देतात, हा निर्णयातला महत्त्वाचा भाग असेल. म्हणजे पैशाचा विषय शहरांनी नाही काढला, कंपनीने पहिल्याच दिवशी काढला. मला स्वतःला या सगळ्या प्रकरणातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटतं, कारण वरच्या यादीतलं बाकी काहीही सहा आठवड्यांत बदलता येत नाही, युनिव्हर्सिटी सहा आठवड्यांत उभी राहत नाही की मेट्रो सहा आठवड्यांत येत नाही, सहा आठवड्यांत वाढवता येते ती फक्त सवलतीची रक्कम. त्यामुळे ज्यांच्याकडे बाकीचं कमी होतं त्यांनी तीच वाढवली.

शहरांनी लक्ष वेधून घ्यायला काय काय केलं?

ॲरिझोनातल्या टुसॉनकडून 21 फुटी सग्वारो निवडुंग पाठवला गेला, कंपनीने तो घेतला नाही आणि तो नंतर तिथल्याच वाळवंटाच्या म्युझियमला दिला गेला. अलाबामातल्या बर्मिंगहॅमने शहरात ठिकठिकाणी अवाढव्य अ‍ॅमेझॉनचे खोके उभे केले. कॅन्सस सिटीचे महापौर स्लाय जेम्स यांनी अ‍ॅमेझॉनवरून हजार वस्तू मागवल्या आणि प्रत्येकाला पाच स्टार देत रिव्ह्यूमध्ये आपल्या शहराचं वर्णन लिहिलं. जॉर्जियातल्या स्टोनक्रेस्टने तर 345 एकर जमीन वेगळी काढून त्या नव्या शहराचं नाव "अ‍ॅमेझॉन" ठेवायची तयारी दाखवली.

यावर लोक हसले, पण मला नाही हसू येत. लहान शहरातल्या अधिकाऱ्याच्या जागी बसून बघा, जुने कारखाने गेलेत, शिकलेली मुलं बाहेर जातायत, आणि एक कंपनी 50 हजार नोकऱ्या म्हणतेय. प्रयत्नच केला नाही तर लोक विचारणार ना, की तुम्ही काय केलं.

पैशांच्या ऑफर किती मोठ्या होत्या?

न्यू जर्सीतल्या नेवार्कची ऑफर राज्य आणि शहर मिळून 7 अब्ज डॉलरची. मेरीलँडने मॉन्टगोमेरी काउंटीसाठी (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) टॅक्सच्या सवलती आणि रस्ते-ट्रान्झिटचा खर्च धरून साडेआठ अब्जांच्या आसपास नेली. पेन्सिल्व्हेनियाची ऑफर 4.6 अब्जांपर्यंत होती आणि ती लोकांना निकाल लागल्यावर कळली.

पण आकड्यापेक्षा रचना बघा. शिकागोच्या प्रस्तावात 1.32 अब्ज डॉलरचा एक भाग असा होता की कर्मचाऱ्यांच्या पगारातून जो राज्याचा इन्कम टॅक्स कापला जातो, त्यातला मोठा हिस्सा कंपनीलाच परत मिळावा. म्हणजे कर्मचाऱ्याला वाटणार की मी टॅक्स भरतोय, शाळा-रस्त्यांना हातभार लावतोय, आणि तो पैसा जाणार मालकाकडे. कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोने वेगळंच सुचवलं, अ‍ॅमेझॉनमुळे जो टॅक्स येईल त्यातला 85 टक्के एका खास फंडात ठेवू आणि तो शंभर वर्षं शहर आणि कंपनी मिळून खर्च करेल. निवडून न आलेल्या लोकांना शहराच्या तिजोरीवर शंभर वर्षांचा हक्क! यातला एकही पैसा "सबसिडी" या नावाने बजेटमध्ये दिसला नसता, म्हणून हे जास्त काळजीचं आहे.

कोणी नाही म्हटलं का?

हो. सॅन अँटोनिओने जाहीरपणे माघार घेतली, त्यांचं म्हणणं होतं की आंधळेपणाने सगळं देऊन टाकणं आमच्या पद्धतीत बसत नाही. लिटल रॉकनेही आपण या शर्यतीत नाही हे पेपरात जाहिरात देऊन सांगितलं. आणि टोरोंटोचं उदाहरण मला फार आवडतं, त्यांनी रोख सवलत देऊच केली नाही, आमच्याकडे माणसं आहेत, इमिग्रेशन सोपं आहे, सरकारी आरोग्यसेवा आहे असं मांडलं आणि आपला प्रस्ताव लोकांसमोर ठेवला. तरीही जानेवारी 2018 मध्ये शेवटच्या 20 मध्ये ते होते, अमेरिकेबाहेरचं एकमेव शहर.

शेवटी जिंकलं कोण? एक हेडक्वार्टर होतं ना, मग दोन कशी झाली?

13 नोव्हेंबर 2018 ला निकाल आला आणि कंपनीने बक्षिसाचे दोन तुकडे केले, 25 हजार नोकऱ्या न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या लाँग आयलंड सिटीला आणि 25 हजार वॉशिंग्टनला लागून असलेल्या व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनला. शिवाय नॅशव्हिलला 5 हजार नोकऱ्यांचं एक ऑपरेशन सेंटर. कंपनीचं कारण असं की एकाच शहरात एवढे टेक्निकल लोक भरणं कठीण, दोन ठिकाणी सोपं. ते पटण्यासारखं आहे, पण मग 238 शहरांनी जी गणितं मांडली ती 50 हजारांवर मांडली होती हेही खरं.

आता जिंकलेली दोन ठिकाणं बघा. एक अमेरिकेचं सगळ्यात मोठं शहर, दुसरं देशाच्या राजधानीला चिकटलेलं, पलीकडे नॅशनल एअरपोर्ट, खाली मेट्रो, आजूबाजूला सरकारी आणि क्लाउडची कामं करणाऱ्या कंपन्या. देशभर 14 महिने शोध करून निवड झाली ती ज्यांच्याकडे आधीपासून सगळं आहे त्यांचीच.

म्हणजे सवलतींनी निर्णय बदलतच नाही का?

कधीकधी बदलतो, पण लोक समजतात तेवढा नाही. अपजॉन इन्स्टिट्यूटचे अर्थतज्ज्ञ टिमोथी बार्टिक यांनी या विषयावरच्या बऱ्याच अभ्यासांचा आढावा घेतला आणि त्यांचा अंदाज असा की साधारण 2 ते 25 टक्के वेळाच सवलतीमुळे कंपनीचा निर्णय फिरतो. उलटं वाचा म्हणजे कळेल, किमान 75 टक्के वेळा कंपनी तशीही तिथेच आली असती आणि दिलेला पैसा जे होणारच होतं त्यासाठी दिला गेला.

एचक्यू-2 मध्येच बघा ना. नेवार्क 7 अब्ज देत होतं, हडसन नदीच्या पलीकडचं न्यूयॉर्क साधारण 3 अब्ज, कंपनीने न्यूयॉर्क निवडलं. मेरीलँडने साडेआठ अब्ज मांडले आणि पोटोमॅक नदी ओलांडून व्हर्जिनियाने पहिल्या 25 हजार नोकऱ्यांसाठी थेट सवलत मांडली 57 कोटी 30 लाखांची, कंपनीने व्हर्जिनिया निवडलं. एकच महानगर, एकच मेट्रो, दोन्ही काठांना येजा करणारी तीच माणसं, तरी चौदा-पंधरा पट जास्त देऊ करणारा हरला. एवढं स्वच्छ उदाहरण पुन्हा मिळणं अवघड.

टॅक्स सवलत म्हणजे हातातला पैसा थोडाच जातो? कंपनी आलीच नसती तर तो टॅक्सही नसता.

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि तो चुकीचा अजिबात नाही. न्यूयॉर्कच्या पॅकेजमधला मोठा भाग टॅक्स क्रेडिटचा, म्हणजे भरायच्या टॅक्समधून वजा होणाऱ्या रकमेचा होता, 1.2 अब्ज, नोकऱ्या तयार झाल्यावर मिळणारा, साधारण 48 हजार डॉलर प्रत्येक नोकरीमागे, आणि त्यात बांधकामासाठीची 32 कोटी 50 लाखांची कॅश ग्रँट मिळवली तर 61 हजार. उरलेलं शहराच्या अशा योजनांमधून होतं ज्या त्या भागात येणाऱ्या कुठल्याही पात्र धंद्याला मिळतातच. तेव्हा "हे 3 अब्ज शिक्षकांना द्या" असं म्हणणाऱ्यांना समोरून उत्तर आलं की ते 3 अब्ज तिजोरीत पडलेले नाहीत, आणि बऱ्याच अंशी ते उत्तर बरोबर होतं.

पण अर्धंच बरोबर. कारण 25 हजार लोक आले की त्यांना पाणी, ट्रेन, शाळा, पोलीस सगळं लागतं आणि तो खर्च हातातल्याच पैशातून होतो. शिवाय "कंपनी आलीच नसती" हे गृहीत कोणी तपासलं? ती तशीही येणार असेल तर सोडलेला टॅक्स हा खराच गेलेला पैसा आहे. आणि तिसरं म्हणजे काही टॅक्स क्रेडिट रिफंडेबल असतात, कंपनीचा टॅक्स शून्य असला तरी उरलेल्या रकमेचा चेक मिळतो, तेव्हा नाव टॅक्स सवलत असलं तरी ती रोख रक्कमच असते.

न्यूयॉर्कमध्ये बिनसलं कुठे?

पद्धतीत बिनसलं असं माझं मत आहे. गव्हर्नर अँड्र्यू कुओमो आणि महापौर बिल दि ब्लासिओ यांनी करार केला आणि जमिनीची मंजुरी राज्याच्या योजनेतून घ्यायची ठरवली, म्हणजे एरवी अशा प्रकल्पांना लागणारी सिटी कौन्सिलची मंजुरी लागणारच नव्हती. ज्या भागात हे होणार होतं तिथल्या निवडून आलेल्या लोकांना, राज्याचे सिनेटर मायकल जियानारिस आणि कौन्सिलचे जिमी व्हॅन ब्रेमर यांना, आयतं ठरलेलं दिलं गेलं. करारात हेलिपॅडची सोय होती, शेजारीच क्वीन्सब्रिज ही देशातली सगळ्यात मोठी सरकारी घरांची वसाहत, ज्यांच्या घरातलं हीटिंग हिवाळ्यात बंद पडतं त्या लोकांना हेलिपॅडची बातमी वाचून काय वाटलं असेल.

मग कौन्सिलने सुनावण्या घेतल्या. जानेवारी 2019 च्या सुनावणीत कंपनीच्या अधिकाऱ्यांना विचारलं गेलं की न्यूयॉर्कमधल्या तुमच्या कामगारांनी युनियन करायची ठरवली तर तुम्ही तटस्थ राहाल का, उत्तर नाही असं आलं, आणि न्यूयॉर्कसारख्या युनियनच्या शहरात त्याचा जो परिणाम व्हायचा तो झाला. पुढे जियानारिस यांचं नाव राज्याच्या त्या बोर्डासाठी सुचवलं गेलं ज्याला हा प्रकल्प अडवता आला असता. 14 फेब्रुवारी 2019 ला कंपनीने माघार घेतली.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, त्याच आठवड्यातल्या सिएना कॉलेजच्या पोलमध्ये राज्यातल्या 56 टक्के मतदारांचा कराराला पाठिंबा होता. म्हणजे लोकांना नोकऱ्या नको होत्या असं अजिबात नाही. तीन महिने आधी स्थानिक प्रतिनिधींना टेबलाशी बसवलं असतं, ट्रेन आणि घरांसाठी काही ठोस मागून घेतलं असतं, तर हा करार टिकला असता असं मला मनापासून वाटतं.

मग न्यूयॉर्कचं नुकसान झालं की फायदा?

25 हजार नोकऱ्या एका करारातून येणार होत्या त्या तशा आल्या नाहीत, हे नुकसान आहेच, विशेषतः क्वीन्सचं. पण अ‍ॅमेझॉन शहर सोडून गेलं असंही झालं नाही. 2019 संपता संपता त्यांनी मॅनहॅटनच्या हडसन यार्ड्समध्ये दीड हजार लोकांसाठी जागा घेतली, पुढे 2020 मध्ये फिफ्थ अव्हेन्यूवरची लॉर्ड अँड टेलरची जुनी इमारत विकत घेतली, आणि यासाठी कुठलंही खास पॅकेज नव्हतं. गुगलनेही डिसेंबर 2018 मध्ये हडसन स्क्वेअरसाठी 1 अब्ज डॉलरची योजना जाहीर केली, शहरांची शर्यत न लावता. माणसं तिथे आहेत म्हणून कंपन्या तिथे येतात.

व्हर्जिनियाचा करार वेगळा कसा होता?

इथे जरा थांबून बघू, कारण शिकण्यासारखं सगळ्यात जास्त इथेच आहे.

राज्याची मुख्य सवलत म्हणजे प्रत्येक नोकरीमागे 22 हजार डॉलर, पहिल्या 25 हजार नोकऱ्यांपर्यंत, म्हणजे 55 कोटी. पण अट काय, तर नोकरी खरंच तयार झाली पाहिजे, सरासरी पगार दीड लाख डॉलर पाहिजे आणि तो आकडा दरवर्षी दीड टक्क्याने वाढत जाणार, आणि पैसे आगाऊ नाहीत, नोकऱ्या झाल्यावर काही वर्षांनी अर्ज करायचा. 2023 मध्ये कंपनीने आधीच्या जवळपास 7 हजार नोकऱ्यांसाठी 15 कोटी डॉलरच्या वरचा अर्ज केला तो असा. नोकऱ्या कमी झाल्या तर देणं आपोआप कमी, वसुलीसाठी कोर्टात जायची वेळच येत नाही.

आर्लिंग्टन काउंटीचा भाग आणखी साधा, 2 कोटी 30 लाखांचा अंदाज, पण ती ठरलेली रक्कम नाही. हॉटेलात उतरणाऱ्यांकडून जो टॅक्स येतो त्यात जी वाढ होईल त्या वाढीचा 15 टक्के हिस्सा, तोही कंपनीने ठरल्याप्रमाणे जागा वापरात आणली तर. हॉटेल टॅक्स वाढला नाही तर काहीच देणं नाही.

आणि खरा मोठा पैसा कंपनीला दिलाच नाही. राज्याने 1.1 अब्ज डॉलरच्या आसपासची रक्कम कॉम्प्युटर सायन्स आणि तत्सम शिक्षणावर लावायची ठरवली, दोन दशकांत 25 हजारांहून जास्त जादा पदव्या, ॲलेक्झांड्रियात व्हर्जिनिया टेकचा नवीन कॅम्पस, जो 2025 च्या सुरुवातीला चालू झाला. शिवाय मेट्रो स्टेशनचं नवीन प्रवेशद्वार, एअरपोर्टकडे जाणारा पादचारी पूल, बसचे मार्ग यांसाठी वेगळी तरतूद. उद्या कंपनी गेली तरी कॅम्पस आणि स्टेशन तिथेच राहणार, त्यावर दुसरी कंपनी येणार.

मग आर्लिंग्टनमध्ये सगळं ठरल्याप्रमाणे झालं का?

नाही, आणि म्हणूनच वरच्या अटींचं महत्त्व. पहिल्या टप्प्यातले दोन टॉवर जून 2023 मध्ये उघडले, तेव्हा साधारण 8 हजार लोक तिथले कर्मचारी होते. पण त्याआधीच मार्चमध्ये कंपनीने पेनप्लेस नावाच्या दुसऱ्या टप्प्याचं बांधकाम पुढे ढकललं. घरून काम वाढलं होतं, कंपनीत 27 हजार लोकांची कपात चालू होती. करार करताना 2018 मध्ये कोणाला महामारी माहीत होती? पण कराराने धोका बऱ्यापैकी कंपनीकडेच ठेवला होता, त्यामुळे राज्य अडकलं नाही.

आणि जिथे धोका सरकारनेच घेतला, तिथे काय झालं?

विस्कॉन्सिन. 2017 मध्ये फॉक्सकॉनने 10 अब्ज डॉलर आणि 13 हजारांपर्यंत नोकऱ्या सांगितल्या, एलसीडी स्क्रीनचा कारखाना, राज्याने जवळपास 3 अब्जांचं पॅकेज मंजूर केलं, शिवाय स्थानिक सरकारांचा खर्च वेगळा. विस्कॉन्सिनमध्ये मॅन्युफॅक्चरिंगला राज्याचा इन्कम टॅक्स तसाही जवळपास शून्य आहे, म्हणजे हे क्रेडिट मुख्यतः रोखीनेच द्यावं लागणार होतं. विधिमंडळाच्याच वित्त कार्यालयाने तेव्हाच लिहून दिलं होतं की सगळं ठरल्याप्रमाणे झालं तरी राज्याचा पैसा वसूल व्हायला 2042-43 उजाडेल. तरी सही झाली.

माउंट प्लेझंट नावाच्या गावाने जमिनी घेतल्या, घरं गेली, रस्ते रुंद झाले, पाण्याची लाईन आली, कर्ज झालं. कारखाना सांगितला तसा झालाच नाही. 2021 मध्ये नवीन गव्हर्नरच्या काळात करार बदलला, 1,454 नोकऱ्या आणि 8 कोटींपर्यंत सवलत. राज्याचे बरेच पैसे वाचले कारण क्रेडिट नोकऱ्यांना बांधलेलं होतं, पण गावाने आधीच खर्च करून टाकला होता. पुढे त्याच भागात मायक्रोसॉफ्टने डेटा सेंटरसाठी जमीन घेतली, त्यामुळे गाव बऱ्यापैकी सावरलं, पण ज्यांची घरं गेली त्यांना ती परत मिळाली नाहीत. शेतातल्या घराच्या जागी जो कारखाना उभा राहणार म्हणून सांगितलं आणि तो उभा राहिला नाही, त्या कुटुंबाला कुठल्या तोंडाने सांगायचं की राज्याचं नुकसान टळलं.

पण नोकऱ्या येतात, त्यातून बाकीच्यांनाही काम मिळतं, हे खरं नाही का?

खरं आहे. अर्थतज्ज्ञ एन्रिको मोरेट्टी यांच्या अंदाजाने शहरात एक हायटेक नोकरी आली की कालांतराने आणखी पाच नोकऱ्या तयार होतात, डॉक्टर, वेटर, वकील, सुतार असे सगळे. मोठे कारखाने आलेल्या काउंट्यांवरच्या एका गाजलेल्या अभ्यासात जुन्या कारखान्यांची उत्पादकता पाच वर्षांत 12 टक्के जास्त दिसली. पण नंतर कॅलिन स्लॅटरी आणि ओवेन झिदार यांनी अलीकडचे करार तपासले तेव्हा जिंकलेल्या काउंटीत त्या उद्योगात नोकऱ्या वाढलेल्या दिसल्या, त्यापलीकडे अर्थव्यवस्था पसरल्याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. तेव्हा फायदा होतो का, हो. दिलेल्या किमतीएवढा होतो का, ते कराराच्या अटींवर.

आणि घरभाडं विसरू नका. दीड लाख पगाराची हजारो माणसं एका भागात आली आणि घरं तेवढीच राहिली तर आधीचे भाडेकरू बाहेर फेकले जातात, याला कुठलाही अभ्यास लागत नाही. सिॲटलने मे 2018 मध्ये बेघर लोकांसाठी मोठ्या कंपन्यांवर प्रत्येक कर्मचाऱ्यामागे वर्षाला 275 डॉलरचा टॅक्स लावला, अ‍ॅमेझॉनने त्याआधी एका टॉवरचं काम थांबवून दाखवलं, आणि महिनाभरात कौन्सिलने तो टॅक्स मागे घेतला. नवीन हेडक्वार्टर मागणाऱ्या प्रत्येक शहराने हे बघायला हवं होतं, कारण कंपनी आल्यावर शहराचा आवाज किती उरतो ते यातून दिसतं.

एवढी गुप्तता कशासाठी?

अधिकारी म्हणतात प्रतिस्पर्ध्याला आकडा कळू नये म्हणून. पण पिट्सबर्गने तर प्रस्ताव उघड करायचा आदेश आला तरी त्याविरुद्ध अपील केलं आणि निकाल लागून गेल्यावर कागद बाहेर आले. स्पर्धकापेक्षा जास्त अंधारात स्वतःचेच नागरिक राहिले. उलट कंपनीकडे मात्र 238 ठिकाणांची जमीन, रस्ते, कॉलेजं, पुढच्या योजना अशी माहिती फुकट जमा झाली.

नेते मंडळी हे का करतात, त्यांना गणित कळत नाही का?

कळतं. पण रिबन कापायचा कार्यक्रम या टर्ममध्ये होतो आणि टॅक्स कमी येतो पुढच्या पंधरा वर्षांत, तेव्हा दुसरं कोणीतरी खुर्चीत असतं. शिवाय शेजारचं राज्य देतंय म्हटल्यावर एकट्याने थांबणं अवघड, सगळे थांबले तर सगळ्यांचाच फायदा असतो पण पहिला थांबणारा मात्र हरतो.

हे कायद्याने थांबवता येत नाही?

अमेरिकेत कोर्टाचा रस्ता जवळपास बंद आहे. ओहायोतल्या टोलिडोच्या लोकांनी क्रायस्लरला दिलेल्या सवलतीविरुद्ध केस केली होती, 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की निव्वळ टॅक्सपेअर म्हणून तुम्हाला दावा लावायचा अधिकार नाही, मूळ प्रश्नाला हातच लागला नाही. 2015 पासून सरकारी हिशेबाच्या नियमात सोडलेला टॅक्स दाखवायला लागतो, तेवढं तरी झालं. युरोपियन युनियनमध्ये निवडक कंपनीला सरकारी मदत देण्यावर नियम कडक आहेत, आयर्लंडने ॲपलला दिलेल्या टॅक्स वागणुकीबद्दल 13 अब्ज युरो वसूल करायचा निर्णय 2016 मध्ये झाला आणि 2024 मध्ये युरोपच्या सर्वोच्च कोर्टाने तो कायम केला.

आणि समजुतीने थांबवल्याचं उदाहरणही आहे. कॅन्सस सिटीचा शहरी भाग दोन राज्यांत पसरलेला, कंपन्या रस्ता ओलांडून पलीकडच्या राज्यात जायच्या आणि सवलत घ्यायच्या, माणसं तीच, घरं तीच, नवीन नोकरी एकही नाही. 2019 मध्ये मिझुरीने कायदा करून आणि कॅन्ससने गव्हर्नरच्या आदेशाने हे आपसात बंद करायचं ठरवलं. दोन्ही पक्षांचे गव्हर्नर होते, तरी जमलं.

माझ्या शहरात असा प्रस्ताव आला तर मी काय विचारू?

पहिलं, पैसे नोकरी झाल्यावर देणार की आधी? आधी देणार असाल तर परत घ्यायची अट कुठल्या पानावर आहे ते दाखवा. दुसरं, नोकरी मोजणार कोण, कंपनी की सरकार, आणि शहरातल्याच एका ऑफिसातून दुसरीकडे हलवलेला माणूस नवीन नोकरी म्हणून मोजणार का? तिसरं, रस्ता, पाणी, शाळा यांचा खर्च त्या आकड्यात धरलाय का? आणि कंपनी निघून गेली तर दिलेल्या पैशातलं शहराकडे काय उरेल, हे नक्की विचारा, बाकी काही विचारायला वेळ मिळाला नाही तरी हे विचारा. हे प्रश्न सहीच्या आधीच्या सुनावणीत विचारायचे, आणि सुनावणीच ठेवली नसेल तर ती मागायची, लेखी.

जी शहरं हरली त्यांचे कष्ट वाया गेले का?

सगळ्यांचे नाही. कंपनीने काही हरलेल्या शहरांना फोनवर कारणं सांगितली, डेट्रॉइटसारख्यांना टेक्निकल माणसं पुरेशी नाहीत असं ऐकायला मिळालं. ज्या प्रस्तावात नुसता सवलतीचा आकडा होता त्यातून काही उरलं नाही. ज्यांनी त्या निमित्ताने पहिल्यांदा एका टेबलावर बसून आपल्याकडे ट्रेन कुठे नाही, कॉलेजातून किती इंजिनियर निघतात, मोकळी जागा कुठे पडून आहे याची यादी केली, त्यांच्याकडे ती यादी राहिली, आणि शेजारपाजारची गावं जी एरवी एकमेकांशी बोलत नव्हती त्यांना एकत्र बसायची सवय लागली. नॅशव्हिलने तर हेडक्वार्टर मिळालं नाही तरी 5 हजार नोकऱ्यांचं सेंटर मिळवलं, 10 कोटी 20 लाखांच्या पॅकेजवर.